लातूरहून आलेलं पॅनेल

६ एप्रिल १९९६, शनिवार

आणि रुद्राणीचं मी मनावर घेतलं नाही असं काल लिहिलं ना, ते खोटं होतं. लई घेतलंय. पाच महिने दोघींनी एकत्र अभ्यास केला. परळीच्या एसटीत उभं राहून एकमेकींना जनरल नॉलेज विचारलं, लेखी परीक्षा एकाच रांगेत मागेपुढे बसून दिली. पुण्याच्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं पत्रसुद्धा दोघींना एकाच दिवशी आलं. माझा इंटरव्ह्यू ९ मे, तिचा १० मे. आणि ही बाई परवा येऊन सांगते, "माझं ठरलं. सोलापूरचे आहेत."

मी म्हटलं, "आणि इंटरव्ह्यू?"

"आता कशाला?"

कशाला म्हणजे? पहिलीपासून परळीला इंग्लिश मिडियमला जायचं, सकाळी साडेसहाची गाडी, घरात जे बोलतो ते शाळेत बोललं की दंड, हे सगळं कशासाठी होतं मग? मी तिला तोंडावर सांगितलं, "तू मला धोका दिलास." ती म्हणाली, "शिवानी, मला तरी कुठं कुणी विचारलं?" मी पुढचं ऐकून घेतलं नाही. जिला जायचंय ती जाते. आमच्या घरात असलं काही होणार नाही. आप्पांनी मला शिकवलंय ते मिरवायला नाही.

८ एप्रिल

इंटरव्ह्यूच्या तयारीचं पुस्तक आणलंय, त्यात लिहिलंय की खऱ्या इंटरव्ह्यूच्या आधी किमान तीन मॉक इंटरव्ह्यू द्या, आणि तेही अनोळखी लोकांपुढे. सिरसाळ्यात अनोळखी माणूस कुठून आणू? इथं मी स्टँडवर उतरले की घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असतं मी कुणाशी काय बोलले.

रुद्राणी असती तर तिच्यापुढं बसले असते. आता आरशापुढं बसते. आरसा प्रश्न विचारत नाही.

आज दुकानात जाऊन आप्पांना समजावून सांगितलं. ते बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी लावत होते. मी म्हटलं, "आप्पा, चार मोठी माणसं समोर बसतात आणि आपल्याला काहीही विचारतात. त्याची सवय पाहिजे. कुणी ओळखीचे साहेबलोक आहेत का, जे मला ओळखत नाहीत?"

आप्पा थप्पी लावता लावता म्हणाले, "बघतो."

आप्पांचं 'बघतो' म्हणजे झालंच. तुला ते ठाऊक नाही म्हणून सांगते, दोन वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीचा साहेब दुकानात आला होता. तिशीसुद्धा नसेल, टाय लावलेला. तो आला तसे आप्पा गादीवरून उठून उभे राहिले आणि तो निघेपर्यंत उभेच होते. त्या दिवशी मी ठरवलं की मी तसली साहेब होणार. आणि माझ्यापुढं कुठल्या दुकानदाराला उभं राहू देणार नाही.

११ एप्रिल

झालं! लातूरच्या गंगासागर आत्याच्या ओळखीचे सिद्धारामकाका म्हणून आहेत. बँकेत मॅनेजर होते, आता रिटायर. बँकेच्या भरतीला त्यांनी शेकड्यानं इंटरव्ह्यू घेतलेत म्हणे. आणि त्यांचा मुलगा बसवेश, तो तर स्वतःच एमबीए आहे, पुण्याला कंपनीत! दोघंही रविवारी येणार. मी आईला उचलूनच घेतलं. ती म्हणाली, "सोड, पोळी करपतीय." तिच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही. आईला असल्या गोष्टींतलं काही कळत नाही.

आत्यानं फोनवर माझी माहिती लिहून पाठवायला सांगितली. शिक्षण, मार्क, छंद. मग म्हणाली उंची पण लिही, जन्मवेळ पण लिही. मी म्हटलं जन्मवेळ कशाला? तर म्हणे, "ते बँकेचे लोक लई बारीक असतात गं."

१३ एप्रिल

आत्या आज दुपारी आली, सोबत तिची जांभळी साडी आणलीय माझ्यासाठी. पुस्तकातही मुलींनी साडी नेसावी असंच आहे. तरी माझ्या डोक्यात एक शंका आली. मी मूर्ख नाही. सरळ विचारलं, "आत्या, हे लोक मला बघायला तर येत नाहीत ना?"

आत्या खोखो हसली. "बघायला येत असते तर तुला ही साधी साडी नेसवली असती का मी? कांजीवरम काढली असती की!"

ते पटलं. तरी मी आप्पांकडे गेले. ते अंघोळ करून लिंगपूजेला बसायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "आप्पा, उद्या इंटरव्ह्यूच ना? खरं सांगा."

आप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. म्हणाले, "तुज्या भल्याचंच हाय, शिवू."

लिंगावर हात ठेवून आप्पा कधी कपाशीच्या भावाबद्दलसुद्धा बोलत नाहीत. मला माझीच लाज वाटली.

१४ एप्रिल, रविवार

सगळं लिहिते. हात थांबत नाहीयेत.

जीपमधून पाच जण आले. सिद्धारामकाका, त्यांच्या बायको सत्यभामाकाकू, बसवेश, आत्याचे मिस्टर आणि लातूरच्या मठाचे एक स्वामी. मला वाटलं होतं दोघंच येतील. पण पुस्तकात आहे की पॅनेलमध्ये एक सदस्य आपल्या विषयाबाहेरचा असतोच. तर ते स्वामी. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी कपाळाला विभूती लावली.

आधी मला सगळ्यांना पाणी द्यायला लावलं, मग चहा. सत्यभामाकाकू माझ्या हाताकडेच बघत होत्या. ही स्ट्रेस टेस्ट असते, हात थरथरतो का ते बघतात. एक थेंब सांडला नाही.

मग काकांनी एक कागद दिला, "नाव, गाव, पत्ता लिही बेटा, इंग्लिश-मराठी दोन्हीत." अक्षरावरून स्वभाव ओळखतात, तेही पुस्तकात आहे. काकूंनी विचारलं, "स्वयंपाकातलं काय काय येतं?" मी उत्तर टाइम मॅनेजमेंटकडे वळवलं. वरणाला शिट्टी होईपर्यंत भाकरीचं पीठ कसं मळून होतं, ते सांगितलं. काकू आत्याकडे बघून हसल्या. मला वाटतं, असं उत्तर त्यांनी आधी ऐकलं नसेल.

पण खरा इंटरव्ह्यू घेतला तो बसवेशनी. ते फार कमी बोलतात, चष्मा पुसत बोलतात. इंग्लिशमध्ये विचारलं, स्वतःबद्दल सांगा. मग, परदेशी कंपन्या आपल्याकडे आल्या ते चांगलं की वाईट? मी बियाण्याचं उदाहरण दिलं. आप्पांच्या दुकानात आधी दोन कंपन्यांची पाकिटं होती, आता अकरा आहेत, आणि तरी गिऱ्हाईक आप्पांनाच विचारतं की कुठलं घेऊ. म्हणजे कंपनी कुठलीही येवो, विश्वास माणसावरच असतो. बसवेश म्हणाले, "व्हेरी गुड." आप्पांना इंग्लिश कळत नाही पण व्हेरी गुड कळतं. ते मिशीत हसत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "लग्न झालं तर करिअरचं काय कराल?" प्रश्न नंबर सतरा! मला इतका आनंद झाला. उत्तर तोंडपाठ. पुस्तकात बजावलंय की इथं ताठपणा दाखवू नका, कुटुंबाबद्दल आदर दिसला पाहिजे. मी इंग्लिशमध्ये बोलले. काका म्हणाले, "मराठीत सांग बेटा, स्वामींनापण कळू दे." मग मी मराठीत म्हणाले, "लग्नाला माझी ना नाही. माझे आईवडील जे ठरवतील ते मी मनापासून स्वीकारीन आणि दोन्ही घरांची जबाबदारी सांभाळीन."

स्वामी म्हणाले, "बरं झालं. पोरगी सवताच्या तोंडानं बोलली."

जाताना आत्याच्या मिस्टरांनी माझा एक फोटो काढला. मी आप्पांना विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "पास." आणि घाईनं बाहेर निघून गेले. डोळे भरले होते त्यांचे. मला नाही वाटत सिरसाळ्यात कुणाच्या वडिलांनी मुलीसाठी एवढं केलं असेल.

१७ एप्रिल

प्रॅक्टिस जोरात. आत्यानं निरोप दिलाय की लातूरची मंडळी लई खूश आहेत. मी थँक्यू लेटर लिहिलं, इंग्लिशमध्ये, पूर्ण पॅनेलला. पुस्तकात तसं लिहायला सांगितलंय.

२१ एप्रिल, रविवार

काल अक्षय तृतीया. बसव जयंतीला आप्पा लातूरला गेलते, मिरवणूक बघून येतो म्हणाले.

आज सकाळी रुद्राणी आली. दोन आठवडे मी तिच्याशी बोलले नव्हते. दारातच म्हणाली, "पेढे कुठायत?"

"कसले?"

"आता माझ्यापुढं पण नाटक? काल लातूरला सुपारी फुटली की तुझी. अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय."

मी हसले. म्हटलं, तुझं काहीतरी ऐकण्यात चुकलंय, ते लोक माझा इंटरव्ह्यू घ्यायला आलेले. ती पण हसायला लागली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसणं थांबलं.

"शिवानी, तुला खरंच सांगितलं नाही?"

मी स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती. मी विचारलंच नाही. तिनं वळून बघितलं नाही, त्यातच कळलं. देवळीत लातूरचा नारळ आणि हिरवी साडी ठेवलेली होती. सकाळपासून तिथंच होती. मला वाटलं जयंतीचा प्रसाद.

रुद्राणी जाईपर्यंत मी उभीच होते. जाताना ती म्हणाली, "निदान मला माहीत तरी होतं गं."

२२ एप्रिल

जेवले नाही. दुकानात गेले. तलवाड्याचे दोन शेतकरी बसले होते, त्यांच्यासमोरच बोलले.

"आप्पा, तुमी लिंगावर हात ठेवलता."

"ठेवलता. तुज्या भल्याचं हाय म्हणलं. त्यात खोटं काय बोललो?"

"मी इंटरव्ह्यू का असं विचारलं होतं."

"अन् बघायला येतेत म्हणून सांगितलं असतं तर बसली असतीस का तू त्यांच्याफुडं?"

"नाही."

"मग. म्हणून न्हाई सांगितलं."

एवढं सरळ. जणू मीच त्यांना वाट दाखवली. शेतकऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "बापावर असं ओरडू नाय बाई." आप्पांनी त्याला हातानं गप्प केलं.

"शिवू, पोरगा पुण्याचा हाय. शिकलेला हाय. तुज्यासंगं इंग्लिश बोलतो. म्या काय तुला उसाच्या फडात देऊ लागलोय का? आन् तूच बोललीस की स्वामीफुडं. आईबाप ठरवतील ते मान्य म्हणून. म्या वदवून घेतलं का?"

"ते पुस्तकातलं उत्तर होतं आप्पा!"

आप्पा खाली बघून म्हणाले, "मला काय ठावं, पुस्तकातलं कोन्तं अन् तुजं कोन्तं."

तारीखसुद्धा धरलीय, २ जून. मृग लागला की दुकानातून हलता येत नाही आणि पुढं अधिक महिना. म्हणजे माझं लग्न कपाशीच्या पेरणीआधी बसवलंय.

२४ एप्रिल

स्टँडजवळच्या एसटीडीवरून पुण्याला फोन लावला, बसवेशना, कंपनीत. नंबर त्यांच्याच कार्डावर होता, त्या दिवशी किती अभिमानानं ठेवलं होतं मी ते कार्ड. बूथचं दार लागत नव्हतं, पायानं धरून ठेवलं.

मी म्हटलं, तुम्ही बघायला आला होतात हे मला माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "मला तर सांगितलं होतं की तुम्हाला सगळी कल्पना आहे. आय अ‍ॅम रिअली सॉरी."

त्यांचा आवाज खरा वाटला. म्हणजे त्यांनाही फसवलंच. म्हणाले, "तुम्ही इंटरव्ह्यू द्याच. लग्न झालं म्हणून शिक्षण थांबायला हवं असं थोडंच आहे? पुण्यातच तर राहायचंय. मी घरी बोलतो."

मी रडले बूथमध्ये. बूथवाल्यानं विचारलं, "कोण गेलं का ताई?"

माझ्याशी एकच माणूस खरं बोलला, आणि तो घरातला नाही.

३० एप्रिल

बसवेशचं पाकीट आलं. इकॉनॉमीवरची कात्रणं आणि चार पानं भरून प्रश्न, सुंदर अक्षरात. शेवटी लिहिलंय, 'ऑल द बेस्ट, तुम्ही नक्की सिलेक्ट व्हाल.' आप्पांनी पाकीट बघितलं आणि इंटरव्ह्यूला नेतो म्हणाले. मला वाटतं बसवेश बोलले घरी.

१० मे

कालचं लिहिते. परवा आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो, आप्पा आणि मी. तेलगावपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. बीडच्या पुढं आप्पांनी माझी फाइल मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. नगरला उतरले तरी फाइल काखेत. शेजारच्या माणसाला सांगत होते, "पोरीचा इंटरव्ह्यू हाय. पुण्याला. अठराशे पोरं बसलेती परीक्षेला." मला त्यांचा राग धरून ठेवता येईना, याचाच राग आला.

तीन जण होते. कागद लिहायला लावला नाही, पाणी आणायला लावलं नाही. उलट त्यांनीच मला पाणी दिलं. बियाण्यांवर वीस मिनिटं बोलले. एक मॅडम होत्या, त्यांनी विचारलं, "घरच्यांचा पाठिंबा आहे?" मी म्हटलं, "वडील बाहेर बसलेत. दहा तास गाडीत बसून आलेत."

यातलं एकही उत्तर पुस्तकातलं नव्हतं.

बाहेर आप्पा एका नाशिकच्या गृहस्थांजवळ बसले होते, त्यांची मुलगी आत जाणार होती. आप्पांनी त्यांना विचारलं, "अन् लग्नाचं कसं करणार?" ते म्हणाले, "बघू, आधी हे तर होऊ द्या." आप्पांनी मान हलवली. येताना गाडीत त्यांनी दोनदा तेच बोलून दाखवलं, "आधी हे तर होऊ द्या म्हणला तो." मग मला विचारलं, "आत काय काय इचारलं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला उभ्या जन्मात कुणी एवढं इचारलं न्हाई."

मला वाटतं आप्पा वळतायत. हळूहळू वळतायत.

१७ मे, शुक्रवार

सिलेक्ट! एकशेवीसमध्ये छत्तिसावी! पोस्टमननं पाकीट दुकानात दिलं आणि आप्पा ते हातात घेऊन भर उन्हात घरी पळत आले, चप्पल न घालता. फोडलं नव्हतं. "तूच फोड," म्हणाले.

फी जुलैत भरली तरी चालते. पण बुधवारी, २२ मे ला, चारच्या आत ओरिजिनल मार्कशीटं घेऊन स्वतः हजर राहायचं. नाहीतर जागा वेटिंगवाल्याला.

आप्पा म्हणाले, "लातूरला कळवतो." आनंदात म्हणाले. मी पण म्हटलं, कळवा.

१८ मे

मी बसवेशना फोन केला. मी बुधवारी येतेय म्हटलं, तर ते म्हणाले,

"अभिनंदन. मला खात्री होतीच. फक्त, या वर्षी नको असं आई म्हणतेय. पहिलं वर्ष घरात पाहिजे ना. पुढच्या वर्षी बघू. सिलेक्शन तर झालंच की, ते कुठे जातंय?"

"ते बुधवारी चार वाजता जातंय."

"तुम्ही एवढं टोकाचं नका घेऊ. त्या दिवशी किती समजूतदार बोलला होतात. पुस्तकातल्या वाक्यापेक्षा तुमचं चांगलं होतं, त्यात 'दोन्ही घरांची' हे नाहीये, ते तुम्ही स्वतः घातलंत."

मी म्हटलं, "कुठलं पुस्तक?"

गप्प.

"मी तुम्हाला कुठल्याच पुस्तकाचं नाव सांगितलेलं नाही, बसवेश. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं मी प्रॅक्टिस करतेय. तुम्ही तर म्हणालात, तुम्हाला सांगितलं होतं की मला सगळी कल्पना आहे."

"शिवानी, सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुमच्या आत्यांनी पुस्तकासकट सांगितलं होतं. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

सगळ्यांनाच. स्वामींना पण. जीपमध्ये ठरवून बसले असतील, कुणी काय विचारायचं. सतरा नंबर कुणी विचारायचा. आणि मी एक थेंब न सांडता पाणी देत फिरत होते.

एवढं सगळं त्यांना ठाऊक होतं आणि तरी व्हेरी गुड म्हणाले. मला त्या व्हेरी गुडचा सगळ्यात जास्त त्रास होतोय.

१९ मे

आप्पांना सांगितलं की बसवेश खोटं बोलले. आप्पा म्हणाले, "मोठेपणी सगळेच थोडं खोटं बोलतेत." मग म्हणाले, "म्या लातूरला फोन केलता शिवू. तुज्यासाठी. पाठवा म्हणलो बुधवारी. ते म्हणले, सुपारी फुटलेली पोरगी अशी हिंडवू नका." एवढं बोलून दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं तरी गेले.

मी विचारणार होते, आणि तुम्ही काय म्हणालात? पण उत्तर ऐकायची माझीच तयारी नव्हती.

२० मे, सोमवार

घरात पाहुण्यांच्या अंथरुणांची मोजणी चाललीय आणि आईला आज अचानक कपाट आवरायचं सुचलं. माझी ओरिजिनल मार्कशीटं, शाळेचा दाखला, सगळं कुलपातून काढून माझ्या कॉटवर आणून ठेवलं. म्हणाली, "इथं कसर लागंल, तुजं तू ठिव." इतकी कामं पडलीत आणि हिला कसर दिसते. वर मधेच विचारते, "पुण्याची सकाळची गाडी किती वाजता गं? सहाला का सव्वासहाला?" मी चिडून म्हटलं, "पुण्याचे पाहुणे इकडं येणार आहेत, तिकडं जाणाऱ्या गाडीचं तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "आसंच." आणि भाकरी करायला गेली. आज भाकऱ्या पण केवढ्या करून ठेवल्यात, कडक, प्रवासाला करतात तशा. हिचं खरंच कशात लक्ष नाही.

दुपारी परळीच्या प्रेसचा माणूस पत्रिकेचं प्रूफ घेऊन आला. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्लिश. आप्पा म्हणाले, "इंग्लिश तूच तपास शिवू. आपल्या घरात दुसऱ्या कुणाला येतंय? चूक आसंल तिथं खूण कर." माझ्या हातात लाल पेन दिलं.

मजकूर बसवेशच्या अक्षरात आलाय लातूरहून, त्यावरून जुळवलंय. वर बसवेश, बी.ई., एम.बी.ए. खाली मी:

चि. सौ. कां. शिवानी, बी.कॉम., एम.बी.ए. (निवड).

मी तीनदा वाचलं. कंसात निवड. छत्तिसावा नंबर त्यांना नको होता असं नाही. त्यांना तो हवाच होता, पत्रिकेवर. पहिलीपासूनची साडेसहाची गाडी, दंड, लेखी परीक्षा, पुण्याच्या त्या मॅडम, सगळं दोन कंसांत बसवलंय, लग्नाला येणारे वाचतील म्हणून. आणि बी.कॉम.चा निकालसुद्धा अजून लागलेला नाही.

लग्नाच्या तयारीला आलेली आत्या खांद्यावरून वाकून बघत होती. "बघ तरी, किती मान दिलाय तुला! माझ्या पत्रिकेत तर माझं नाव पण नव्हतं नीट, नुसतं गुंडप्पाची बहीण, म्हणजे तुझ्या आप्पाची."

ती खरं बोलली असेल. आता मला कुणाचं खरं आणि कुणाचं बोलायचं म्हणून, हे कळतच नाही.

प्रेसवाला ओसरीवर बसलाय, चारच्या एसटीनं परत जायचंय त्याला. आप्पा त्याच्याशेजारी बसलेत आणि सांगतायत, "एकशेवीसमदी छत्तीसावी आली. हजारात पोरं बसलेती." त्यांचा आवाज आत येतोय. अभिमान खरा आहे त्यांचा, तेच तर मला सहन होत नाही. परवा चारला ती जागा नाशिकच्या त्या मुलीला जाईल किंवा आणखी कुणाला. इंग्लिशमध्ये स्पेलिंगची एकही चूक नाही. मी शब्द न् शब्द बघितला. नाव बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, कंससुद्धा नीट बंद केलाय.

आप्पा हाक मारतायत, "झालं का शिवू?"

पेनचं टोपण काढलेलं आहे. माझं सगळं तू पहिल्यापासून वाचलंयस, मी जिथं जिथं वेड्यासारखी खूश झाले तेही. तूच सांग, तुला काय वाटतं, मी खूण कशावर करू?